भाडं उशिरा आलं तर? नव्या घरमालकांसाठी पाच तारखेनंतरचं वेळापत्रक

"काकू, या महिन्यात जरा मागंपुढं होईल हं."

चार तारखेला रात्री साडेनऊला असा मेसेज आला की नव्या घरमालकाच्या पोटात गोळा येतो. मला तो पहिल्यांदा आला त्या रात्री मी झोपले नव्हते. फ्लॅटचा हप्ता दहा तारखेला बँक कापून घ्यायची, आणि भाडं आलं नाही तर तो कुठून भरायचा याची जुळवाजुळव मी अंधारात पंख्याकडे बघत करत होते. सकाळी उठून मी त्या मुलाला "काही हरकत नाही, सावकाश दे" असा उलट मेसेज केला. ही पहिली चूक. सावकाश म्हणजे कधी, हे ना मी विचारलं ना त्याने सांगितलं. भाडं आलं तेवीस तारखेला.

कर्वेनगरातला तो फ्लॅट भाड्याने देऊन आता पंधरा वर्षं होत आली. मध्यंतरी नणंद अमेरिकेला गेली आणि तिच्या दोन फ्लॅटचं बघणंही माझ्याकडे आलं. या काळात एक गोष्ट पक्की कळली: उशिरा येणारं भाडं आणि न येणारं भाडं ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि पहिल्या आठवड्यात दोन्ही अगदी सारखी दिसतात. करारात सवलतीचे दिवस ठेवायचे ते ही दोन वेगळी ओळखता यावीत म्हणून. उदारपणा दाखवायला नव्हे.

आधी बघा, तुमचा भाडेकरू कायद्याने कोण आहे

महाराष्ट्रात आज बहुतेक घरं लिव्ह अँड लायसन्सवर दिली जातात. बोलताना आपण भाडं आणि भाडेकरू म्हणतो (मीही इथे तेच म्हणणार आहे), पण कागदावर ते असतं परवान्याचं शुल्क. तुम्ही त्या माणसाला ठरावीक मुदतीसाठी राहायची परवानगी दिलेली असते, एवढंच. उशिरा आलेल्या भाड्याचं काय करायचं, हे इथे मुख्यतः तुमचा करारच ठरवतो. किती दिवस थांबायचं, हे अशा करारासाठी कायद्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही. पाच दिवसांची जी पद्धत आहे ती केवळ रिवाज आहे.

याउलट वाड्यातले, चाळीतले जुने पागडीचे भाडेकरू. त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं संरक्षण आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे भाडं थकलं तरी आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते, ती दिल्यावर नव्वद दिवस थांबावं लागतं आणि मगच घर खाली करून मागण्याचा दावा लावता येतो. दाव्याचं समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी वर्षाला १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली, तर त्या कारणावरून त्याला काढता येत नाही. आजोबांच्या वाड्यातल्या खोल्या तुमच्या वाट्याला आल्या असतील तर हा लेख बाजूला ठेवून वकील गाठा. पुढचं सगळं लिव्ह अँड लायसन्सचं आहे.

एक इशारा. इंटरनेटवर शोधलं की अमेरिकेतले नियम समोर येतात. न्यूयॉर्क राज्यात पाच दिवस उलटल्याशिवाय उशिराचा आकार लावता येत नाही आणि तोही ५० डॉलर किंवा भाड्याच्या ५ टक्के, यातला जो कमी असेल तेवढाच. नियम चांगला आहे, पण तो तिथला. आपल्याकडच्या नोटिशीत तो कुणी उतरवू नये, आणि असे लोक मी पाहिले आहेत.

करारात तारीख कशी लिहायची

"भाडे दरमहा ५ तारखेपर्यंत द्यावे" या वाक्यात भाडं देय कधी झालं आणि उशीर कधीपासून मोजायचा, हे दोन्ही एकातच कालवलेलं आहे. मी तीन तारखा वेगवेगळ्या लिहिते. भाडं त्या महिन्याचं आगाऊ, १ तारखेला देय. ५ तारखेपर्यंत आलं तर वेळेवर आलं असं धरू. ६ तारखेपासून आकार लागू. आणि सोबत एक ओळ: पाच तारखेला सुट्टी असली तरी मुदत तीच. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालू आहे, यूपीआय तर रात्री दोन वाजताही चालतं. "काकू, बँक बंद होती" हे कारण आता जुनं झालं.

ही पाच तारीख मात्र आकाशातून पडलेली नाही, ती भाडेकरूच्या पगाराला बांधा. माझ्याकडे एक मुलगा होता, हिंजवडीला नोकरीला. भाडं दर महिन्याला आठ तारखेला यायचं. मी पाच तारखेपासून तीन दिवस धुसफुसायचे, तो तीन दिवस माझे फोन चुकवायचा. सहा महिन्यांनी जिन्यात समोरासमोर गाठ पडली तेव्हा त्याने सांगितलं, "काकू, आमचा पगारच सातला होतो." मी अवाक्. पुढच्या करारात देय तारीख सात आणि सवलत दहापर्यंत लिहिली. त्यानंतर तो दोन वर्षं राहिला, एकदाही उशीर नाही. करार करताना "तुमचा पगार कितीला होतो?" हा प्रश्न विचारायला मला सहा महिने लागले होते. फक्त तुमच्या कर्जाचा हप्ता या नव्या तारखेच्या पुढे आहे ना, ते बघा. नसेल तर हप्त्याची तारीख बदलून मिळते का ते बँकेत विचारा, किंवा एका हप्त्याएवढी रक्कम त्या खात्यात कायम पडून राहू द्या. भाडं आल्यावरच हप्ता जाणार असेल, तर उशीर भाडेकरूचा आणि रक्तदाब तुमचा.

करार महिन्याच्या मध्यात सुरू होत असेल तर पहिल्या महिन्याचं भाडं दिवसांवर काढून घ्या आणि पुढे एक तारखेवर या. समजा भाडं २२,००० आणि करार १२ जूनपासून. जूनचे १९ दिवस, म्हणजे तीसने भागून १३,९३३ रुपये. शेवटी ११ मेपर्यंतचे दिवस तसेच मोजायचे. असं केलं नाही तर "आमचा महिना बारा ते अकरा" आणि "तुमचा महिना एक ते तीस" हा वाद अकरा महिने चालतो.

उशिराचा आकार किती

लोक इथे हात सैल सोडतात. "उशीर झाल्यास प्रतिदिन ५०० रुपये दंड." वाचायला जरब बसवणारं वाक्य. २२,००० च्या भाड्यावर दिवसाला ५०० म्हणजे वर्षाला ८०० टक्क्यांच्या वर. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७४ म्हणतं की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी वाजवी तेवढीच भरपाई मिळते, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. म्हणजे प्रकरण न्यायालयापर्यंत गेलंच, तर तुमचे पाचशे तिथे टिकण्याची आशा ठेवू नका. त्यात भाडेकरू हुशार असेल तर "ही अटच बेकायदेशीर" म्हणून बाकीच्या अटींवरही बोट ठेवायला मोकळा.

वार्षिक १२ टक्क्यांनी २२,००० वर दहा दिवसांचं व्याज होतं साधारण ७२ रुपये. त्याने कुणी घाबरत नाही, हेही खरं. मी मधला मार्ग काढला आहे. ६ तारखेपासून एकदाच ५०० रुपये, आणि भाडं त्या महिन्यात आलंच नाही तर थकलेल्या रकमेवर वर्षाला १२ टक्के सरळ व्याज. पाचशे रुपये लक्षात राहतात आणि कुणाला अन्याय वाटत नाही. वर्षातून एकदा मी ते सोडूनही देते, पण सोडताना मेसेजमध्ये लिहिते: "या वेळी आकार घेत नाही, करारातली अट कायम आहे." हे वाक्य लिहायला दहा सेकंद लागतात. न लिहिता तीन-चारदा सोडलंत तर पुढे "काकूंनी कधी घेतलंच नाही" हेच वहिवाटीसारखं तुमच्यापुढे येतं.

नोंदणी टाळू नका

अकरा महिन्यांचा करार नोंदवायला लागत नाही, हा गैरसमज अजून गेलेला नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. म्हणजे तुमच्या तीन तारखा, पाचशे रुपये आणि बारा टक्के, सगळं हवेत. खर्च तरी किती? मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक अनामतीवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. २२,००० भाडं, ६०,००० अनामत, अकरा महिने: सहाशे-सातशे रुपयांच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. आता हे घरी बसून ऑनलाइन, आधार आणि अंगठ्यावर होतं.

ऑनलाइन मसुद्यात नेहमीच्या अटी आधीच असतात. आपली उशिराची अट इतर अटींमध्ये घालायला एजंटला सांगा आणि अंगठा देण्याआधी ती तिथे आहे ना, हे स्वतः वाचा. तो "असतंच हो ते" म्हणतो. नसतं.

महिना सुरू झाल्यावर

एक ते पाच तारखेपर्यंत काहीही करायचं नाही. आठवण नाही, "गुड मॉर्निंग" नाही. सवलत दिली आहे ना, मग ती घेऊ द्या.

सहा तारखेला सकाळी आधी आपलं खातं नीट बघा. दोनदा मी उगाच फोन केला आहे. एकदा रक्कम दुसऱ्याच खात्यात आली होती, एकदा ५० हजारांवरच्या भाड्यात "पैसे कमी आले" म्हणून मी चिडले होते. महिन्याचं भाडं ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरूला कर कापून ठेवावा लागतो, ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के. तो साधारणपणे वर्षाच्या किंवा कराराच्या शेवटच्या महिन्यात कापला जातो. पैसे बुडालेले नसतात, तुमच्या पॅनवर जमा दिसतात. (मालक परदेशात राहत असेल तर नियम वेगळे आहेत. तिथे ५०,००० ची मर्यादा नाही आणि कपात बरीच जास्त असते. नणंदेच्या वेळी हे शिकायला मला सीएची फी पडली.)

पैसे खरंच नसतील तर मेसेज. फोन नाही. माझा ठरलेला मजकूर हा:

"नमस्कार. जूनचं भाडं रु. २२,००० खात्यात जमा दिसत नाही. करारातली मुदत काल, ५ तारखेला संपली. पाठवलं असेल तर यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) कळवा. नसेल तर कोणत्या तारखेला येईल ते आज संध्याकाळपर्यंत लिहा."

यात राग नाही, "प्लीज" नाही, आणि उत्तरात तारीख मागितली आहे. आपल्याकडे पैसे मागायची भारी भीड. भीड भिकेची बहीण, हे आई म्हणायची ते मला भाड्याने घर दिल्यावर कळलं. एकसारखा मजकूर असला की भीड कमी वाटते, कारण ते तुम्ही बोलत नसता, करार बोलत असतो.

उत्तर काय येतं यावर पुढचं ठरतं. "काकू, बारा तारखेला देतो" असं आलं तर बारापर्यंत गप्प बसा. "बघतो", "होईल लवकरच", किंवा दोन निळ्या टिका आणि शांतता, असं असेल तर आठ तारखेला फोन करा, आणि फोन ठेवल्यावर जे ठरलं ते लगेच मेसेजमध्ये लिहा. मी एक वही ठेवते, शंभर पानी, साधी. डाव्या पानावर तारीख आणि रक्कम, उजव्यावर काय बोलणं झालं ते. वहीतली एक नोंद अशी आहे: "८ जुलै. फोन सं. ७. कंपनीने पगार थांबवला म्हणतो. निम्मे १५ ला, निम्मे ३० ला. बायको मागून काहीतरी म्हणाली, ऐकू आलं नाही." ही शेवटची ओळ मी का लिहिली कुणास ठाऊक. पण पंधरा तारखेला भाडं द्यायला तीच आली आणि नवऱ्याची नोकरी गेल्याचं तिनेच सांगितलं.

भाडेकरू अडचणीत असेल तर

त्या जोडप्याचं मी असं केलं. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभं राहूनच आम्ही हिशेब केला. नवीन नोकरी लागेपर्यंत भाडं निम्मं येईल, उरलेलं अनामतीतून वळतं होणार नाही, बाकी राहील. नोकरी लागल्यावर चालू भाड्यासोबत दरमहा पाच हजार. तीन महिन्यांत नोकरी लागली नाही तर घर सोडतील. हे सगळं एका कागदावर, दोघांच्या सह्या, तारीख. त्यांना दुसऱ्या महिन्यात काम मिळालं. थकलेले बावीस हजार फिटायला पाच महिने लागले, शेवटच्या महिन्यात दोनच हजार उरले होते. मी आकार लावला नाही. चांगला भाडेकरू गेला की फ्लॅट दीड-दोन महिने रिकामा राहतो, रंग लागतो, एजंट एक महिन्याचं भाडं घेतो. बावीस हजार पाच महिने अडकले ते त्यापेक्षा स्वस्त पडलं. इथे हळवेपणा नाही, व्यवहार आहे.

अर्धवट पैसे आले की मात्र पावती नीट द्या. माणसाच्या डोक्यावर मे आणि जून दोन्हींची बाकी असताना दहा हजार आले, तर ते कशाचे? करार कायद्यात याचा क्रम आहे. देणाऱ्याने सांगितलं असेल तर त्याप्रमाणे, त्याने सांगितलं नसेल तर घेणारा ठरवेल, दोघंही गप्प असतील तर सगळ्यात जुनी बाकी आधी फिटते. म्हणून "रु. १०,००० मिळाले, मे महिन्याच्या बाकीपोटी, शिल्लक रु. १२,०००" असं लिहून पाठवा. नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवू नका.

अनामत संपायच्या आत नोटीस

आता दुसरं दुखणं. पंधरा तारीख गेली, दिलेले वायदे मोडले, फोन उचलला जात नाही. इथे नवे मालक "अनामत आहे की" म्हणून निवांत राहतात. हिशेब मांडून बघा. भाडं २२,०००, अनामत ६०,०००, भाडं आगाऊ, जूनपासून थकलं.

करारात उशिरापोटी परवाना रद्द करायला एक महिन्याची लेखी नोटीस लिहिलेली असते (तुमच्या करारात किती आहे ते बघा, आणि लॉक-इनची, म्हणजे ठरावीक महिने करार मोडायचा नाही अशी, अट आड येते का तेही). २० जूनला नोटीस दिलीत तर २० जुलैला मुदत संपते. जून आणि जुलै मिळून थकले ४४,०००. अनामतीत १६,००० शिल्लक, त्यात विजेचं बिल आणि रंगाचं भागतं. तुम्ही "बघू, देईल" म्हणत १० ऑगस्टपर्यंत थांबलात तर नोटीस १० सप्टेंबरला पिकते, थकबाकी ८८,०००. अनामत केव्हाच संपली आणि भाडेकरूला वेळेवर जाण्याचं काही कारण उरलं नाही. म्हणून माझा नियम: वायदा एकदा मोडला तर समजून घ्यायचं, दुसऱ्यांदा मोडला की त्याच महिन्यात नोटीस.

पहिली नोटीस वकिलाकडूनच हवी असं नाही. नोंदणीकृत कराराचा दस्त क्रमांक, कोणत्या महिन्यांचे किती पैसे, कोणत्या अटीखाली, किती दिवसांत भरा, न भरल्यास परवाना कोणत्या तारखेला संपेल, एवढं स्पष्ट लिहा. स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा. जुनी रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झाली आहे. त्याच दिवशी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवर.

नोटीस गेल्यावर भाडेकरू अचानक एका महिन्याचे पैसे टाकतो. ही जुनी युक्ती आहे, कधी ठरवून, कधी नकळत. ते मुकाट्याने घेतलेत तर नोटीस तुम्हीच सोडून दिली, असं पुढे म्हणता येतं. पैसे परत पाठवायची गरज नाही, पण लगेच लिहा: "रक्कम थकबाकीपोटी, आमचे हक्क राखून स्वीकारली. नोटीस कायम आहे." खरंच सगळं भरून तो नीट राहणार असेल तर नोटीस मागे घेतल्याचंही लिहूनच द्या.

आणि करार संपायच्या बेताला हमखास येणारं वाक्य: "शेवटचे दोन महिने अनामतीतून वळते करा ना काकू." नाही. अनामत नुकसानीसाठी आणि बिलांसाठी असते, भाड्यात वळती होणार नाही, हे करारातच लिहा. एकदा मी हो म्हटलं होतं. घर सोडून गेल्यावर महावितरणचं साडेचार हजारांचं बिल आलं आणि बाथरूमचा दरवाजा फुगलेला निघाला. कापायला हातात काही नव्हतं.

चेक घेत असाल तर एक मोजणी लक्षात ठेवा. चेक वटला नाही तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर पैसे भरायला पंधरा दिवस, त्यानंतर एका महिन्याच्या आत तक्रार. यातली एक तारीख चुकली तर हा रस्ता अवघड होऊन बसतो.

कुलूप लावू नका

आमच्याच सोसायटीतल्या एका गृहस्थांनी, तीन महिन्यांचं भाडं थकलं म्हणून, भाडेकरू गावाला गेला असताना दाराला दुसरं कुलूप ठोकलं. रविवारी सकाळी भाडेकरू दोन लहान मुलांसह जिन्यात बसलेला. दुपारपर्यंत सगळी वरात पोलीस चौकीत. थकलेल्या भाड्याचा विषय कुणी काढेना, बोलणं होतं ते घरातल्या दागिन्यांचं. "कपाटात चार तोळे होते" असं तो म्हणाला, आणि नव्हते हे हे गृहस्थ कसं दाखवणार? शेवटी कुलूप काढलं, वर थकबाकीतली मोठी रक्कम सोडून दिली तेव्हा तो गेला.

पाणी, वीज, लिफ्ट तोडण्याचंही तसंच. १९९९ च्या कायद्याच्या कलम २९ प्रमाणे मालकाला भाडेकरूच्या आवश्यक सेवा योग्य कारणाशिवाय तोडता येत नाहीत. आपला माणूस कायद्याने भाडेकरू नाही, परवानाधारक आहे, असा युक्तिवाद वकील करतीलही. तो युक्तिवाद करण्याची वेळ आली, म्हणजे तुम्ही आधीच हरत आहात. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून वॉचमनकडून त्रास देणं, ऑफिसात फोन करणं, सोसायटीच्या ग्रुपवर नाव टाकणं, हेही नको.

तरीही गेला नाही तर

कराराची मुदत संपूनही भाडेकरू राहतो आहे, अशा वेळी राहत्या घरासाठी १९९९ च्याच कायद्याच्या कलम २४ चा रस्ता आहे. सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. इथे लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. आणि मुदतीनंतर तो जितके दिवस राहील तितक्या दिवसांची नुकसानभरपाई भाड्याच्या दुप्पट दराने लागते. म्हणूनच मी अनोळखी भाडेकरूला कधीही तीन किंवा पाच वर्षांचा करार देत नाही. अकरा महिने. मुदत जवळ असली की हा रस्ताही जवळ असतो. मुदतीच्या मध्येच नोटिशीने परवाना संपवला असेल तर कोणत्या दारात जायचं हे वकिलाला विचारूनच ठरवा.

मुदतीआधीचं थकलेलं भाडं वसूल करायला वेगळा दावा लागतो. मुंबई-पुण्यात तो लघुवाद न्यायालयात जातो, आणि थकबाकी झाल्यापासून तीन वर्षांच्या आत लावायला हवा. चाळीस हजारांसाठी दावा लावायचा का, हा प्रश्न मी दोनदा स्वतःला विचारला आणि दोन्ही वेळा उत्तर "नाही" आलं. किल्ली परत मिळत असेल तर अनामत कापून, हिशेबाच्या कागदावर दोघांच्या सह्या घेऊन विषय संपवला. रक्कम दोन-तीन लाखांवर असती तर कदाचित वेगळं ठरवलं असतं.

वसुलीचा नाद सोडला तरी नोटिशीची प्रत फाडू नका. आयकरात न मिळालेलं भाडं उत्पन्नातून वगळता येतं, पण भाडेकरूने घर सोडलेलं आहे किंवा त्याला काढायची पावलं तुम्ही उचलली होती, आणि वसुलीचे प्रयत्न केले होते, हे दाखवावं लागतं. मार्चअखेर सीए "काही कागद आहे का?" म्हणून विचारतो, तेव्हा स्पीड पोस्टची ती पावती आणि शंभर पानी वही पुढे करायची.